घोट्याजवळचा आवाज

बापूंना प्रश्न पडायला निमित्त लागायचं नाही. रस्त्यावरचा दिव्याचा खांब गुणगुणतो तो कशामुळे, किटलीतलं पाणी उकळायच्या जरा आधी गप्प का होतं, शेजाऱ्यांचा कुत्रा रेडिओवर बातम्या लागल्या की उठून बाहेर का जातो, असल्या गोष्टींत त्यांचा अख्खा दिवस मजेत जायचा. रेडिओ, टेप, अॅम्प्लिफायर दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान होतं, राहत्या घराच्या बरोबर खाली. गिऱ्हाइकं त्यांना रेडिओकाका म्हणत. बापू म्हणणारं माणूस आता एकच उरलं होतं, त्यांची थोरली बहीण. ताईंनी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. बापूंची बायको गेली त्या वर्षी ताई स्वतःचं बिऱ्हाड आवरून भावाकडे आल्या. "महिनाभर राहते," असं म्हणून आल्या होत्या, त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

तर अशा बापूंचा डावा पाय कुरकुर करायला लागला, तेव्हा त्यांना आधी काळजी वाटली नाही. कुतूहल वाटलं.

रोज सकाळी ते कोपऱ्यावर पेपर आणायला जात. एके दिवशी वाटेतच पोटरी धरली. कुणी पकड लावून आवळावी तशी. ते थांबले, दोन मिनिटांत पकड सुटली, जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बापूंनी पावलं मोजली. दोनशे बारा. मग थांबा, मग पुन्हा दोनशेच्या आसपास. इतका शिस्तीचा बिघाड त्यांनी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. एखादा रेडिओ मनाला येईल तेव्हा बंद पडतो, मनाला येईल तेव्हा सुरू होतो. हा पाय मात्र घड्याळ लावल्यासारखा वागत होता. दुकानातल्या वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहायला लागले. सपाट रस्ता, दोनशे बारा. चढ, एकशे चाळीस. सिगारेट ओढून निघालो, एकशे नव्वद. या शेवटच्या नोंदीपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह टाकलं आणि पान उलटलं.

रस्त्यात नुसतं उभं राहणं लाजिरवाणं वाटे, म्हणून ते फोटोंच्या चौकटी करणाऱ्याच्या दुकानापुढे थांबायचे आणि काचेतून आत बघायचे. आठवडाभर हे पाहून चौकटवाला एक दिवस बाहेर आला. "काका, आत या की, लाकडाचे नवे नमुने आलेत." बापूंना नाही म्हणवेना. शेवटी भिडेखातर आईवडलांचा एक जुना फोटो त्यांना नव्या चौकटीत बसवून घ्यावा लागला.

दोनशे बाराचे एकशे साठ झाले. एकशे साठचे नव्वद. बापूंनी पेपर घरपोच लावून घेतला आणि ताईंना सांगितलं, "आता वय झालं."

"वय माझंही झालंय," ताई म्हणाल्या. "मी कुठं पेपर घरी मागवते?"

बापूंनी विषय बदलला.

पुढे एका दुपारी काम करताना वायरी जोडायच्या तापलेल्या सोल्डरचा थेंब त्यांच्या डाव्या करंगळीवर पडला. पायाच्या करंगळीवर. असे थेंब त्यांनी जन्मभर अंगावर घेतले होते. चार दिवसांत खपली, आठव्या दिवशी विसरून जायचं, असा हिशेब ठरलेला. पण या वेळी खपली धरेना. दोन आठवडे गेले, पाच गेले, सातवा लागला. बोटाचा रंग आधी निळसर, मग जांभळा, मग टोकाशी काळा झाला. आडवं पडल्यावर पाऊल ठणकायचं, इतकं की झोप येईना. पाय खाली लोंबता सोडला की जरा बरं वाटायचं. म्हणून बापू खुर्चीत बसून झोपायला लागले. पाठीला बरं पडतं, हे कारण ताईंसाठी.

याच काळात त्यांना एक गंमत सापडली. गंमत हा त्यांचाच शब्द. दुकानात कुणी नसताना त्यांनी डावा पाय उचलून टेबलावर ठेवला, तर मिनिटभरात पाऊल मेणासारखं पांढरं पडलं. खाली सोडला, तर हळूहळू तांबडं होत होत डाळिंबाच्या सालीसारखं झालं. पुन्हा वर. पुन्हा पांढरं. उजव्या पायाचं करून पाहिलं, त्याला काही होईना. बापू या खेळात इतके रंगले की ताई चहा घेऊन जिना कधी उतरल्या, ते त्यांना कळलंच नाही.

ताईंनी आधी टेबलावरचा पाय पाहिला, मग काळी करंगळी. कप त्यांनी सोल्डरच्या तारेच्या रिळावरच ठेवला, तो कलंडला, चहा सांडला. तो पुसायलाही त्या वाकल्या नाहीत.

"किती दिवस झाले याला?"

"सात आठवडे. पण ताई, हे बघ, पाय वर केला की रंग कसा—"

"चप्पल घाल," ताई म्हणाल्या.

*

इस्पितळातल्या डॉक्टरांनी पाऊल हातात घेतलं, घोट्याच्या आतल्या बाजूला बोटं टेकवली, पावलाच्या वर टेकवली, पुन्हा आत टेकवली. वयस्कर गृहस्थ होते, बाहेर बाकावर पंचवीस माणसं बसली होती. त्यांनी फिरवाफिरव न करता सांगितलं. पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत. बोट गेल्यातच जमा आहे. पावलाला रक्तच पोचत नसेल तर जखम वर सरकत जाणार, त्याआधी गुडघ्याखाली पाय काढलेला बरा. घोट्याला नाडी नाही.

बापूंनी विचारलं, "पण तुंबतं म्हणजे आत नेमकं काय साचतं?"

ताईंनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "नाडी नाही म्हणजे शून्य आहे, की तुमच्या बोटांना लागत नाही?"

डॉक्टरांनी मान वर करून पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. शाळेत असं पाहणारी मुलं ताईंना सवयीची होती. जरा वेळानं ते म्हणाले, "माझ्या बोटांना लागत नाही. तुमचा प्रश्न रास्त आहे." त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. फक्त रक्तवाहिन्यांचं काम करणाऱ्या एका डॉक्टरबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला बसत, त्यांच्या नावाची. "पण आठवडाभरात जा. महिनाभरानं नको."

परतताना टॅक्सीत बापूंचं तोंड चालूच होतं. रक्त वर जाताना पंपाचा जोर लागतो हे समजू शकतं, पण खाली यायला काय अडचण, पाण्याला तर उतार पुरतो, मग पाय लोंबता ठेवला की बरं वाटतं ते उतारामुळेच असणार, आणि मग माणूस कायमचा उभा राहिला तर...

"बापू," ताई म्हणाल्या, "तू त्या पायाबद्दल असं बोलतोयस जसा काही तो गिऱ्हाइकानं दुरुस्तीला टाकलाय."

दोन चौक गेले.

"गिऱ्हाइकाचा असता तर पहिल्याच दिवशी उघडून पाहिला असता," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "स्वतःचा आहे म्हणून धीर झाला नाही."

*

डॉक्टरबाईंनी आधी तपासणीच्या खोलीत पाठवलं. छोटीशी खोली, पलंगावर कागदाची लांब पट्टी अंथरलेली, एका गाडीवर लहान यंत्र आणि त्याला वायरीनं जोडलेली पेनासारखी कांडी. तपासणीचं काम करणारी तिशीची बाई होती. दंडापर्यंत बाह्या दुमडलेल्या, केस घट्ट बांधलेले. तिनं बापूंना झोपवलं, ताईंना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि यंत्र चालू केलं. खरखर सुरू झाली.

"तुमच्या स्पीकरचा कागद फाटलाय," बापू म्हणाले.

"दोन वर्षं ऑफिसला सांगतेय," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"खालच्या सुरात फडफडतोय."

तिनं त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला थंडगार जेल लावलं आणि कांडी तिरकी टेकवली. खरखरीतून आवाज वर आला, चाबकासारखा. एक जोराचा फुत्कार, लगेच मागे ओढल्यासारखा आखूड दुसरा, आणि त्याच्या मागोमाग पुसट तिसरा. पुन्हा तेच. बापूंचे डोळे मोठे झाले. चाळीस वर्षं कानांनी पोट भरलेल्या माणसानं आपलं स्वतःचं रक्त कधी ऐकलं नव्हतं.

"तीन का?"

"रक्त पुढं जातं, क्षणभर मागं सरकतं, परत जरासं पुढं. वाहिनी लवचीक आणि मोकळी असली की तीन ठोके ऐकू येतात. अडथळा वाढला की दोन. फारच असला की एक."

"आणि अगदीच बंद असली की?"

"मग हे," ती म्हणाली, आणि कांडी उचलली. नुसती खरखर.

दंडाला पट्टा बांधून तिनं दाब मोजला आणि ती डाव्या पायावर आली. जांघेत दोन ठोके. गुडघ्यामागे एकच, बोथट, झोपेत कुणी सुस्कारा सोडावा तसा. बापू ऐकत होते आणि त्यांच्या ध्यानात येत होतं की हा आवाज त्यांनी वर्षभर वहीत लिहिला होता, फक्त पावलांच्या आकड्यांत. पावलाच्या वर ती आली. खरखर. कांडी इकडे झुकवली, तिकडे झुकवली. खरखर. घोट्याच्या आतल्या बाजूला तिनं फार वेळ घेतला, पुन्हा जेल घातलं, श्वास रोखून हात स्थिर धरला. काही नाही. मग बाहेरच्या बाजूनं एक फेरी मारली आणि नोंदीचा कागद पुढे ओढला.

"जरा मागं घ्या," बापू म्हणाले.

"कुठं?"

"बाहेरच्या घोट्याच्या पुढं. आत्ता एक ठोका येऊन गेला."

"ती माझ्या हाताची हालचाल असेल काका. कांडी सरकली की असं होतं."

"हाताची खरखर कोरडी असते. हे ओलं होतं."

ती हसली नाही, वादही घातला नाही. कांडी तिथं परत नेली आणि आवाज वाढवायला बटणाकडे हात नेला.

"वाढवू नका, कमी करा," बापू म्हणाले. "वाढवलात तर खरखरही वाढेल. लांबचं स्टेशन धरताना आम्ही कमीच करतो."

तिनं आवाज कमी केला. खोलीत इतकी शांतता पसरली की कोपऱ्यात ताईंच्या पर्सची चेन वाजली तीही ऐकू आली. कांडी दाण्याएवढी सरकली. आणि खरखरीच्या तळाशी, कुणी दुसऱ्या खोलीत काचेवर फुंकर घालावी तसं काहीतरी झालं. थांबलं. पुन्हा झालं.

तिनं दुसऱ्या हातानं बापूंच्या मनगटावरची नाडी धरली. "श्वास रोखा." बापूंनी रोखला. फुंकर चालूच राहिली, मनगटाच्या ठोक्याबरोबर. "श्वासानं बदलत नाही, म्हणजे शीर नाही. धमनी आहे," ती हळू आवाजात म्हणाली. मग तिनं घोट्यावर पट्टा बांधून हवा भरली. आवाज गेला. हवा हळूहळू सोडली. फुंकर परत आली, तो आकडा तिनं वाचला. "पंचेचाळीस. दंडावर एकशे चाळीस आहे."

"पंचेचाळीस भागिले एकशे चाळीस," ताई कोपऱ्यातून म्हणाल्या. "शून्य पूर्णांक बत्तीस. किती पाहिजे?"

"एकच्या आसपास."

"म्हणजे नापास."

"नापासच," तपासणीवाली म्हणाली. "पण शून्य नाही." कागदावर तिनं बाहेरच्या घोट्यापुढं फुली मारली. मग दार उघडता उघडता बापूंकडे वळली. "मी जेल पुसून परत एकदा बघणारच होते. पण आज तुम्ही आधी ऐकलंत, हे मान्य."

*

डॉक्टरबाई कमी बोलायच्या आणि बोलताना कागदावर चित्र काढायच्या. मांडीतली मोठी धमनी वीतभर लांबीची बंद. गुडघ्याखाली तीन फांद्या, त्यांतल्या दोन बंद. तिसरी बारीक, पण घोट्यापर्यंत जिवंत आहे; फुली मारलेला आवाज तिचाच असणार. नुसत्या आवाजावर मी पाय उघडणार नाही, रक्तात औषध सोडून वाहिन्यांचा फोटो काढते. जमलं तर त्याच वेळी आतून तार घालून फुग्यानं वाट मोकळी करते.

"आणि सिगारेट," त्या म्हणाल्या.

"ती काय करते आत?" बापूंनी विचारलं. "मी एकदा नोंद केली होती. सिगारेट ओढून निघालो तर पावलं कमी भरत."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "नोंद केलीत आणि ओढत राहिलात?"

"पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं," बापू म्हणाले. त्यांनाच आपलं उत्तर ऐकून ओशाळल्यासारखं झालं.

"वाहिन्या आक्रसतात, आतलं अस्तर खराब होतं, रक्त लवकर गोठतं. मी कितीही नीट जोडलं तरी सिगारेट चालू राहिली तर ते बंद पडणार. मग मला बोलावू नका."

बापूंनी खिशातलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरबाईंनी ते कचऱ्याच्या डब्यात टाकायला ताईंकडे दिलं, आणि ताईंनी टाकण्याआधी आतल्या सिगारेटी एकेक करून मोडल्या. सोपं गेलं असं कुणी समजू नये. पुढचे आठ दिवस बापू विनाकारण चिडत होते, एकदा तर गिऱ्हाइकाचा टेप चुकीच्या पेटीत घालून वर त्यालाच बोलले. हात रिकामा राहवेना म्हणून दिवसभर एक जुना स्क्रू बोटांत फिरवत बसायचे. पण ओढली नाही.

फोटो काढायच्या दिवशी बापूंनी पडदा आपल्या बाजूला वळवून मागितला. भूल फक्त जांघेत होती, ते टक्क जागे होते. औषध सोडलं तेव्हा पायात उबेची लाट गेली आणि पडद्यावर काळी शाई मांडीतून खाली धावत आली. मांडीच्या मध्यावर थबकली. तिथून केसांसारख्या नागमोडी वाटा फुटल्या होत्या, त्यांतून थोडी थोडी झिरपत पुढे गेली, गुडघ्याखाली फिकट झाली, आणि शेवटी बाहेरच्या घोट्याजवळ एक बारीक रेघ उमटली.

"या नागमोडी वाटा कुणी काढल्या?" बापूंनी विचारलं.

"तुमच्याच शरीरानं. मोठा रस्ता बंद झाला की ते आडवाटा काढतं. तुम्ही जितकं चालला असाल त्या जोरावर."

मग तारेचं काम सुरू झालं. तार बंद जागेपर्यंत जाई आणि वाकून परत येई. डॉक्टरबाईंनी तार बदलली, दिशा बदलली. त्यांचं बोलणं हळूहळू बंद झालं. ही शांतता बापूंच्या ओळखीची होती. हातातलं काम या रस्त्यानं होणार नाही हे हाताला आधी कळतं आणि तोंडाला नंतर, तेव्हाची. चाळीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, "चुन्यासारखं घट्ट झालंय. फुग्याचं काम नाही. शस्त्रक्रिया करून बाजूनं नवी वाट जोडावी लागेल."

"कशाची?"

"तुमच्याच पायातली एक शीर काढून. तिच्यावाचून पायाचं फारसं अडत नाही. फक्त ती उलटी करून जोडावी लागते. शिरेला आत झडपा असतात, रक्त एकाच बाजूनं जाऊ देतात, हृदयाकडे. आपल्याला खाली न्यायचंय."

"डायोड. आमच्यात तो वीज एकाच बाजूनं जाऊ देतो," बापू म्हणाले.

"हो, तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. "दिशा चुकली तर काम करत नाही, तुम्हाला माहीतच आहे."

बापूंना आणखी दहा प्रश्न सुचले होते. झडपा किती, टाके कसल्या दोऱ्याचे, शीर धमनीचा दाब सोसते कशी. ते सगळे बाजूला सारून त्यांनी जो विचारायचा टाळला होता तो विचारला. "नाही चाललं तर?"

"तर पाय काढावा लागेल. चालण्याची शक्यता चांगली आहे, पण मी खात्री देणार नाही."

त्या दिवशी बापूंनी पुढं काहीच विचारलं नाही. ताईंच्या ते लक्षात आलं. इस्पितळातल्या खोलीत संध्याकाळी सह्यांचे कागद आले, बापूंनी न वाचता सही केली. हे तर आक्रीतच होतं; हा माणूस औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही भिंग लावून वाचायचा.

"भीती वाटतेय ताई."

"मलाही," ताई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बापूंच्या उजव्या पायावरची चादर उगाचच नीट केली. मग दोघं बराच वेळ खिडकीतून समोरच्या इमारतीवर चाललेलं रंगकाम पाहत बसली.

*

कमरेखाली बधिर करून शस्त्रक्रिया सुरू झाली. पडद्यापलीकडून बापू इतके प्रश्न विचारायला लागले की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी शेवटी मनधरणी केली, "काका, आता जरा झोपा. त्यांना काम करू द्या." हातातल्या नळीतून काहीतरी दिलं. बापू जागे झाले तेव्हा पाच तास गेले होते. मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्या होत्या. पायाशी ताई उभ्या होत्या. त्यांनी डाव्या पावलाला हात लावला, मग उजव्या पावलाला, मग पुन्हा डाव्याला.

"दोन्ही सारखे गरम आहेत," त्या म्हणाल्या. शाळेत उत्तर बरोबर आल्यावर त्या जितक्या थंडपणे सांगत तितक्याच थंडपणे त्यांनी हे सांगितलं, पण चष्मा काढून पुसला.

तपासणीवाली कांडी घेऊन आली. घोट्याजवळ टेकवायचाच अवकाश, आवाज खोलीभर झाला. दोन ठोके, खणखणीत. बापूंनी डोळे मिटून घेतले. स्पीकर अजून फाटकाच होता, आणि त्या क्षणी त्यांनी ते सांगितलंही नाही.

करंगळी वाचली नाही. दहा दिवसांनी ती काढली. "बघायचीय का?" डॉक्टरबाईंनी विचारलं, बापूंचा स्वभाव एव्हाना सगळ्यांना माहीत झाला होता. बापूंनी मान हलवली. नको. त्यांचा त्यांनाच अचंबा वाटला.

घरी आल्यावर पाय सुजायचा, टाक्यांची लांब रेघ खाजायची, जिना चढायला दहा मिनिटं लागायची. आधी काठी घेऊन पलंगापासून खिडकीपर्यंत, मग दारापर्यंत, मग रस्त्यावर. जखम भरून यायला दोन महिने लागले. एके दिवशी बापू पलंगावर आडवे झाले आणि सकाळी आडवेच उठले. खुर्चीतली रिकामी उशी बघून ताईंनी काही न बोलता ती कपाटात ठेवून दिली.

तीन महिन्यांनी तपासणीला बोलावलं होतं. जोडलेल्या वाटेचा आवाज उत्तम होता. आकडा शून्य पूर्णांक ब्याण्णव. तपासणीवालीनं कागदावर लिहिलं आणि यंत्र बंद करायला हात नेला.

"माझंही बघता का?" कोपऱ्यातून ताई म्हणाल्या.

बापूंनी वळून पाहिलं. "तुला काय झालंय?"

"काही नाही. इथवर आलोच आहोत तर."

पण पलंगावर पाय ठेवून बसता बसता त्यांनी सांगून टाकलं. गेलं वर्षभर बाजारातून येताना उजवी पोटरी भरून येते. जड होते. त्या वाटेत थांबतात, भाजी निवडायचं निमित्त करून. गुडघ्याचं दुखणं असेल असं त्यांनी धरून ठेवलं होतं. "पोटरीचा गुडघ्याशी संबंध नाही हे मलाही कळतं," त्या म्हणाल्या. "पण बाईचं दुखणं गुडघ्यावर ढकललं की कुणी पुढं विचारत नाही. मीही स्वतःला विचारलं नाही."

"आणि मला सात आठवड्यांचा हिशेब विचारत होतीस," बापू म्हणाले. आवाजात राग होता, पण तो धड ताईंवर बसेना.

उजव्या घोट्याला एक ठोका आणि त्याच्यामागे धुरकट दुसरा. ताईंनी स्वतःचं रक्त ऐकताना भुवई जरा वर केली, इतकंच. आकडा आला शून्य पूर्णांक बहात्तर. डॉक्टरबाईंनी ताईंनाही चित्र काढून दाखवलं. तुमचं वेळेत सापडलंय, चाकू लागणार नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी, चरबीची गोळी आणि चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. रोज अर्धा-पाऊण तास. आडवाटा अशाच तयार होतात.

"त्या वाटा तयार होताना ऐकू येतात का?" बापूंनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी तपासणीवालीकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. "कुणी ऐकल्या असतील असं वाटत नाही. दर तीन महिन्यांनी या, ऐकत राहू."

तेव्हापासून दोघं रोज सकाळी एकत्र निघू लागली. बापू आता पाचशे पावलं न थांबता जात. ताई एकशे नव्वदला थांबायच्या, पण थांबले म्हणून कबूल करायच्या नाहीत. भिंतीवरची सूचना वाचायच्या, नाहीतर समोरून येणाऱ्या कुणाला तरी ओळखायचा प्रयत्न करायच्या. बापू शेजारी उभे राहायचे आणि चेहऱ्यावर काहीच दिसू द्यायचे नाहीत. महिन्याभरात ताईंचे एकशे नव्वदचे दोनशे चाळीस झाले आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःहून आकडा सांगितला.

"हा आकडा धरता येणार नाही," बापू म्हणाले. "तुझं पाऊल दिवसेंदिवस आखूड पडतंय. तू पावलं वाढवलीस, अंतर वाढलंय कशावरून?"

"कोण म्हणतं आखूड पडतंय?"

"मी रोज बघतोय."

ताई जागच्या जागी वळल्या. गणिताच्या बाबतीत त्यांच्यावर संशय घेतलेला त्यांना कधीच खपला नव्हता. "मग मोजून काढ," त्या म्हणाल्या. बापूंनी खिशातून मोजपट्टीची गुंडाळी काढली. ती ते तीन दिवस बरोबर बाळगत होते. ताईंनी तिचं टोक चपलेच्या टाचेखाली घट्ट दाबून धरलं, आणि सकाळी कामाला निघालेली माणसं बाजूनं वाट काढून जात असताना बापू पट्टी सोडत सोडत रस्त्यानं घराच्या दिशेला मागं मागं जाऊ लागले.